हॉट हंपी, कूल मांड्या

पन्नासच्या निळ्या नोटेमागचा दगडी रथ प्रत्यक्ष बघायचा, तुंगभद्रेत टोपलीसारख्या गोल होडीतून गरगरायचं आणि शिळांच्या ढिगाऱ्यामागे सूर्य बुडताना खंडीभर फोटो काढायचे! एक मेची सुट्टी शनिवार-रविवारला चिकटून आली, की पुण्या-मुंबईतल्या कितीतरी ऑफिसांत हा प्लॅन शिजतो. आदल्या रात्री स्लीपर बस, सकाळी होस्पेट म्हणजे आताचं होसपेटे आणि तिथून जेमतेम 13 किलोमीटरवर हंपी. टोपी, गॉगल, सनस्क्रीन सगळं पॅक झालेलं असतं. पारा चाळिशीला टेकतो हेही ठाऊक असतं. तरीही पहिल्याच दुपारी ग्रुपमधलं कुणीतरी अचानक मागे राहायला लागतं आणि जरा विचित्रच, पाय फाकवून चालायला लागतं.

ओळखलंत ना? मांड्या काचल्यात!

गंमत बघा, ट्रिपमध्ये कुणाचं पोट बिघडलं तर त्याचा साद्यंत वृत्तांत लंच टेबलवर ऐकवला जातो. पण मांड्या घासून सोलवटल्या, हे सांगायला मात्र जाम लाज वाटते. माझ्या एका कलीगने एवढा प्रवास करून हंपीचं विठ्ठल मंदिर पाहिलंच नाही. दुसरा अख्खा दिवस ती लॉजच्या पंख्याखाली पडून होती. 'डोकं दुखतंय' म्हणाली. खरं कारण कळलं ते मुंबईत परतल्यावर महिन्याभराने, तेही कॅन्टीनमध्ये आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून. आणि हा फक्त जाड्यांचा प्रॉब्लेम आहे, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. काडीपैलवानांच्याही काखा काचतात, सॅकच्या पट्ट्यांखाली खांदे सोलवटतात, ब्राच्या इलॅस्टिकखाली लाल वळ उठतात. मॅरेथॉन पळणाऱ्या पुरुषांना विचारा, टी-शर्ट घासून छातीवर रक्त आल्याचे किस्से ऐकवतील.

फण्डा साधा आहे. कोरडी त्वचा त्वचेवरून सहज सरकते, ओलसर त्वचा चिकटते आणि ओढली जाते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणून आपण चिकचिकीला सरावलेलो असतो. हंपीची उन्हाळी हवा कोरडी. तिथे घाम भराभर उडून जातो आणि मागे राहतं मीठ. टी-शर्टवर पांढऱ्या रेघा दिसतात ना, तेच मीठ मांड्यांच्या बेचक्यातही साठतं आणि बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतं. त्यात हंपी म्हणजे चालणं. विरूपाक्ष मंदिरापासून नदीकाठाने विठ्ठल मंदिर साधारण दोन किलोमीटर, वाटेत चढउतार, शिवाय प्रत्येक शिळेवर चढून फोटो काढायची हौस. दोन्ही बाजूंचे दगड भट्टीसारखे तापलेले आणि सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ ती धग अंगावर येत राहते.

आता व्हिलन नंबर वन, जीन्स. माझं जीन्सशी वैर नाही, ऑफिसात शुक्रवारी मीही घालते. पण मे महिन्यात हंपीत जीन्स म्हणजे स्वतःवर सूड. जांघेत नेमकी चार जाड शिवणी एकत्र येतात, कापड एकदा ओलं झालं की लवकर वाळत नाही आणि वर भाड्याच्या मोपेडची उन्हात तापलेली रेक्झिनची सीट. संपलंच! आपल्या पूर्वजांना याचं उत्तर ठाऊक होतं असं मला नेहमी वाटतं. धोतर घ्या किंवा शेतात राबणाऱ्या बाईचं नऊवारी लुगडं घ्या. काष्टा घातला की दोन मांड्यांच्या मध्ये मऊ सुती कापड येतं आणि कातडीला कातडी लागतच नाही. नऊवारी नेसून मातंग टेकडी चढा असं सांगत नाहीये (इन्स्टावर हिट होईल, ही गोष्ट वेगळी). तेच काम गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत येणारी सायकलिंग शॉर्ट करते. मुलींनो, स्कर्ट, कुर्ता किंवा सैल सलवारच्या आत ती चढवा. मुलांनो, ढगळ बॉक्सर गोळा होऊन वर सरकतात. त्यापेक्षा मांडी झाकणारी, अंगासरशी बसणारी लांब पायांची ट्रंक घ्या. वर लिननची किंवा पातळ कॉटनची सैल पँट. आणि काहीही नवंकोरं पहिल्यांदा हंपीतच घालायचं नाही. आधी एखादा रविवार ते घालून घराजवळ तासभर चाला, कुठे काचतं ते लगेच कळतं. नव्या कोल्हापुरीला तेल पाजून, घरात चार दिवस वापरूनच बाहेर काढतो ना आपण, तसंच.

पावडर? सॉरी, पण आईने बॅगेत कोंबलेल्या टाल्कम पावडरवर फार भरवसा ठेवू नका. अर्धा तास छान वाटतं, मग घाम आणि पावडर मिळून गोळे होतात आणि तेच घासायला लागतात. पेट्रोलियम जेलीची चपटी डबी खिशात ठेवा. ती लावायची ती काचल्यावर नाही, तर निघण्याआधी, अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर. मांड्या, काखा, सॅकचे पट्टे येतात ती जागा, सॅण्डलच्या पट्ट्याखाली. जेवणाच्या वेळी आणखी एक हात. मात्र त्याआधी ओल्या नॅपकिनने मीठ पुसून काढायचं, नाहीतर मिठावरच जेलीचा थर बसेल.

उरलेलं अर्धं काम टाइमटेबल करतं. हंपीत एक गोची आहे. विठ्ठल मंदिर आणि कमलमहालाचं झनाना आवार, दोन्हींना मिळून एकच तिकीट, तेही त्याच दिवसापुरतं. पैसे वसूल करायच्या नादात लोक भर बारा ते तीन दोन्ही उरकतात आणि तिथेच मांड्यांचा निकाल लागतो. त्यापेक्षा पहाटे मातंग टेकडीवर सूर्योदय बघा. खाली उतरलात की अच्युतराय मंदिर, तिथून नदीकाठाने सरळ विठ्ठल मंदिर. गाभाऱ्यात मूर्ती नाही. कृष्णदेवरायाने पंढरपूरहून आणलेला विठोबा एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत नेला, अशी आपल्याकडची आख्यायिका. ती आठवत मंडपाच्या सावलीत बसायला दहा मिनिटं तरी ठेवा. उन्हं चढली की खोलीवर परत. साध्या पाण्याने अंघोळ, आतले कपडे बदला (हो, दुपारीसुद्धा!), ताक प्या, ताणून द्या. झोप येत नसेल तर कमलापूरचं म्युझियम आहे, पण शुक्रवारी ते बंद असतं. चारच्या सुमारास रिक्षाने कमलमहाल आणि गजशाळा करा, तिकीट तेच चालतं. महानवमी दिब्ब्याच्या परिसरात मात्र सावलीच्या नावाने शंख आहे, त्यामुळे तो अगदी शेवटी.

आणि एवढं करूनही काचलंच तर? डेटॉल, स्पिरिट, आफ्टरशेव्ह यांपैकी काहीही लावू नका, ब्रह्मांड आठवेल. गार पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, बाळांना लंगोट लागून पुरळ येतं त्यासाठी मिळणारं झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा आणि रात्री लुंगी किंवा गाऊन घालून पंख्याखाली झोपा. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत बरं होतं. पण खाज वाढतेय, कडा गोल गोल पसरतेय असं दिसलं तर तो काचल्याचा चट्टा नाही, नायटा असू शकतो. तेव्हा मेडिकलवाल्याने काउंटरवरून सरकवलेली 'ऑल इन वन' ट्यूब घेऊ नका. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत फोफावते. आपल्याकडे नायटा इतका हट्टी झालाय, त्यामागे या क्रीमचा मोठा हात असल्याचं स्किनचे डॉक्टर सांगतात. थेट त्यांच्याकडेच जा. डायबेटिस असेल तर साध्या सोलवटण्याकडेही दुर्लक्ष नको.

परतीची बस रात्रीची असते. संध्याकाळी हेमकूट टेकडीवरून उतरलात की तसेच घामट कपड्यांत बसमध्ये चढू नका. लॉजवाल्याला विनंती केली तर चेकआउटनंतरही बाथरूम वापरायला मिळते. सैल पायजमा बॅगेत सगळ्यात वर ठेवा. एसी स्लीपरमध्ये पाय पसरून झोपायला तोच बेस्ट.