चोर स्विच आणि खारी हवा

गणपती आटोपले की चाकरमान्यांच्या गाड्या मुंबईकडे परततात. पण गावात वापरायला म्हणून ठेवलेली एखादी वॅगन-आर किंवा बोलेरो आचऱ्याच्या, देवबागच्या खळ्यात पुढच्या सुट्टीपर्यंत उभी राहते. घराला कुलूप असतं, शेजारघर माडांच्या पलीकडे. मालवणहून कसालला आलं की मुंबई–गोवा महामार्ग लागतो. तिथून खाली बांद्यामार्गे गोवा, आणि वर जायला फोंडा, करूळ, आंबोली असे घाट. रात्री उचललेली गाडी उजाडायच्या आत दुसऱ्या राज्यात पोचू शकते. म्हणून गाड्यांच्या वायरमनकडे विचारणा होत असते, ‘एक चोर स्विच लावून देशात काय?’ म्हणजे चोराला गाडी सुरू करू न देणारा लपवलेला स्विच.

लावून द्यावाच, पण नीट. माझ्या कामात हाताखालून जाणाऱ्या गाड्यांवरून एक गोष्ट पक्की झाली आहे. या किनाऱ्यावर स्विच कुठे लपवला यापेक्षा तो कोणत्या सर्किटमध्ये घातला आणि त्याचे जोड कसे केले, याला जास्त महत्त्व आहे.

कल्पना जुनी आहे. पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडरच्या काळात जाणते ड्रायव्हर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतला रोटर काढून खिशात घालत. तो नसला की ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही. ब्रिटनमध्ये 1940 साली जर्मन आक्रमणाची भीती होती, तेव्हा उभी गाडी अशी निकामी करून ठेवणं सरकारने सक्तीचं केलं होतं. आजच्या इंजिनांत तो रोटर राहिला नाही, पण चोर स्विचमागचा विचार तोच आहे. इंजिनाला लागणारी एक गोष्ट मालकाच्या हातात ठेवायची.

ती कोणती ठेवायची, याला पेट्रोल गाडीत मुख्यतः दोन पर्याय आहेत. पहिला फ्युएल पंपाचा. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घरघर ऐकू येते. टाकीतला पंप लाइनमध्ये दाब भरत असतो. स्विच बंद असला की ही घरघर येत नाही. मात्र लाइनमध्ये आधीचा दाब उरलेला असतो, त्यामुळे इंजिन कधी कधी सुरू होतं, थोडा वेळ चालतं आणि मग गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडते.

याहून मोठा धोका मालकालाच आहे. पंपाचा स्विच चालत्या गाडीत गुडघा लागून पडला, तर इंजिन बंद होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत पेडल एक-दोनदा दाबेपर्यंतच पुरते. आंबोलीच्या वळणावर असं झालं तर काय होईल, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

दुसरा पर्याय स्टार्टरच्या रिलेचा. इथे स्विच फक्त सेल्फ मारताना लागतो. इंजिन एकदा सुरू झालं की तो बंद असो वा चालू, काही फरक पडत नाही. डिझेल गाडीलाही तो चालतो. त्याची कमजोर बाजू आपल्या उतारांवर दिसते. गिअरची गाडी उतारावर सोडून क्लच सोडला की सेल्फशिवाय सुरू होते. म्हणून या स्विचसोबत लोखंडी गिअर लॉक लावावं. चढावर घर असलेल्याला तर मी हे आवर्जून सांगतो.

काम करताना जाड वायरला हात लावायचा नाही. रिलेला दोन बाजू असतात. 30 आणि 87 या टोकांतून मोठा करंट जातो. 85 आणि 86 मध्ये फक्त कॉइल असते आणि तिला साधारण 0.15 ते 0.2 अँपिअर पुरतात. स्विच या कॉइलच्या वायरमध्ये घालायचा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम बघायचा, मल्टिमीटरने वायरची खात्री करायची. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला, एबीएसला आणि कॉम्प्युटरच्या मुख्य सप्लायला चुकूनही हात लावायचा नाही.

आता खारी हवा. वायरचं टोक उघडं राहिलं की तांबं हिरवं पडायला लागतं. ही हिरवट बुरशी टोकाशी थांबत नाही. ओल वायरच्या तारांमधून प्लास्टिकच्या आत सरकत जाते आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी वायर आतून कुजते. अशा जोडाला अर्धा ओहम रोध आला आणि त्यातून पंपाचा सहा अँपिअर करंट गेला, तर तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. अठरा वॉट उष्णता एका जोडात तयार होते. टेप वितळायला आणि प्लास्टिक करपायला तेवढी पुरते. पंपाची वायर सरळ तोडून, पीळ देऊन, काळी टेप गुंडाळून केलेलं काम म्हणून घातक ठरतं. मे महिन्यात बंद गाडीच्या तापाने टेपचा गोंद पातळ होतो, जूनमध्ये पाऊस येतो आणि सुटलेल्या टेपखाली ओल जाते.

इथे कल्हई केलेल्या तांब्याची, बोटींसाठी मिळते तशी वायर वापरावी. जोड क्रिंप करून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. वायर जोडाच्या खाली थोडी झोळ देऊन बांधावी, म्हणजे पाणी त्या झोळावरून खाली ठिबकतं. कार्पेटखाली स्विच नको. तारकर्लीहून येणाऱ्यांच्या पायांबरोबर ओली वाळू आत येते आणि पावसाळाभर तिथे दमट राहतं.

मला सगळ्यात पटलेली रचना रीड स्विचची आहे. काचेच्या बारीक नळीत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या हवाबंद केलेल्या असतात. लोहचुंबक जवळ आला की त्या चिकटतात, दूर नेला की सुटतात. ही नळी प्लास्टिकच्या आवरणामागे बसवायची आणि छोटा चुंबक चावीच्या जुडग्यात ठेवायचा. सेल्फ मारताना चुंबक ठरल्या जागी धरायचा. भोक नाही, बटण नाही, गंजायला उघडा संपर्कही नाही. रिलेच्या कॉइलवर मात्र एक डायोड उलटा लावावाच, नाहीतर कॉइल सुटताना उसळणारा व्होल्टेज त्या नाजूक पट्ट्या जाळतो.

नव्या गाडीत कंपनीचा इमोबिलायझर, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा असते, मग याची गरज काय, असं लोक विचारतात. इमोबिलायझर उत्तमच आहे. युरोपात 1998 पासून तो नव्या गाड्यांना सक्तीचा झाला आणि नेदरलँड्समधल्या अभ्यासात त्यामुळे गाडीचोरी सरासरी 40 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण चोरही शिकतात. 2022 मध्ये लंडनमध्ये इयान टेबर या सायबर सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा चोरीला गेली. त्यांनी आणि गाड्यांच्या नेटवर्कचे तज्ज्ञ केन टिंडेल यांनी शोध घेतला, तेव्हा कळलं की चोर हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या नेटवर्कमध्ये शिरतात आणि ‘चावी खरी आहे’ असा खोटा संदेश कॉम्प्युटरला देतात. कॉम्प्युटर फसतो. पण सेल्फच्या रिलेला जाणारी वायरच तुटलेली असेल, तर फसलेल्या कॉम्प्युटरलाही इंजिन फिरवता येत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. विम्याच्या ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारी 2.5 टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये, ही सूट पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेल्या उपकरणाला असते, घरच्या स्विचला नाही. आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग तोडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं, कारण इलेक्ट्रिकल भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

स्विचची जागा मेकॅनिकला आणि घरातल्या किमान दोघांना माहीत हवी. रात्री कुणाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायची वेळ आली आणि जागा जाणणारा माणूस मुंबईत असला, तर खळ्यात उभ्या गाडीचा उपयोग नाही. जोडणीची साधी आकृती कागदावर काढून घरच्या कपाटात ठेवावी, गाडीत नाही. दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, एकदा जोड उघडून तांब्याचा रंग बघावा. हिरवं दिसलं तर तेवढा तुकडा कापून नवा जोड करायचा. अर्ध्या तासाचं काम आहे.