हाताला मुंग्या येतात? करंगळीला विचारा



पेपर तपासायचे दिवस होते. मध्यरात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला की बरं वाटायचं. "हात अंगाखाली आला असेल," म्हणत मी वर्ष घालवलं. मग फळ्यावर लिहिताना खडू सुटायला लागला. मुलं हसली, मीही हसले. घरी ब्लाउजचं हूक लागेना, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "करंगळीलाही येतात का?" मला सांगता येईना! वर्गात 'निरीक्षण करा' म्हणून ओरडणारी मी. त्या रात्री नीट पाहिलं: अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी ठणठणीत.

तिथेच उत्तर होतं. मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 दोऱ्या आणि एक नस जाते. आत सूज आली की नस दबते, आणि ती करंगळीला जातच नाही. याला म्हणतात कार्पल टनेल सिंड्रोम. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांत हे जास्त दिसतं.

मुंग्या करंगळीकडे असतील तर बहुधा कोपरातली नस दबलेली असते; तासन्‌तास टेबलावर कोपर टेकणाऱ्यांनो, ऐकताय ना? मान वळवली की हातात कळ जात असेल तर मानेकडे बघा. दोन्ही पावलांपासून सुरू होऊन हातापर्यंत आल्या तर मधुमेह किंवा बी-12 ची कमतरता असू शकते. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी बी-12 तपासून घ्यावंच. मुलाच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर आरोग्य केंद्रात न्या. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते. आणि अचानक एकाच बाजूचा हात बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर थांबू नका. तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

माझं म्हणाल, तर लवकर गेले असते तर रात्री मनगटाला पट्टा बांधून कदाचित भागलं असतं. ऑपरेशन करावं लागलं. झोप परत आली. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोलगट झालाय, तो अजून भरलेला नाही. सुईत दोरा आता लेकच ओवून देते.