वाळत घालायची जागा

मेढ्यात पाऊस लागला की लागला. वर केळघरचा घाट, त्याच्याही वर महाबळेश्वर. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. त्याच डोंगरातून वेण्णा उतरते आणि मेढ्यावरून पुढं कण्हेर धरणाला जाते. या पावसावर लोक कविता लिहितात. लिहू देत. पण ज्याच्याकडं दोनच शर्ट आहेत त्याचा पाऊस निराळा असतो. सोमवारी धुतलेला शर्ट बुधवारीही दमट. कुबट वास मारतो. तसाच अंगात घालावा तर काखेत, जांघेत गजकर्ण उठतं. वर्गात, हापिसात शेजारचा माणूस नाक वळवतो. तो पावसाचा वास आहे असं त्याला वाटत नाही. तो 'यांचा' वास आहे असं वाटतं.

2022 च्या पावसाळ्यात मी मेढ्यात भाड्यानं राहत होतो. अकरा खोल्या एका रांगेत, पुढं पत्र्याची पडवी, शेवटाला सगळ्यांची मिळून एक धुण्याची मोरी. एक ते सहा नंबरात एसटीचा कंडक्टर, एक शिपाई, कॉलेजची पोरं. सात ते अकरा आमच्या. दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या आक्का अकरा नंबरात. मालकानं खोल्या देताना आडनावं विचारली होती, आणि त्या हिशेबानंच रांग लागली होती.

पडवीत वाळत घालायला दोन दोऱ्या. आतली भिंतीकडची, तिथं पाणी येत नाही. बाहेरची पत्र्याच्या कडेला, तिथं पागोळ्यांचं पाणी उडतं. कुठली कुणाची हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पण आतल्या दोरीवर आमचे कपडे घातले की संध्याकाळी ते बादलीत पडलेले असायचे. 'वाऱ्यानं पडले' म्हणायचे. वारा बरोबर आमचेच कपडे ओळखायचा.

म्हणून मोरीतल्या ड्रायरला आमच्या लेखी किंमत होती. मालकाच्या मुलानं मुंबईत वापरून जुनी झालेली दोन टबांची मशीन आणून ठेवली होती. एका टबात धुणं, दुसऱ्यात पिळणं. त्या दुसऱ्या टबालाच आपल्याकडं ड्रायर म्हणतात. विजेचे पैसे दर खोलीमागं घ्यायचे. पाच मिनिटं त्यात कपडे फिरवले की पाणी निघून जायचं, आणि खोलीतल्या पंख्याखाली रात्रीत वाळायचे. दोरीचं तोंडच बघायला नको. बारा तास पाण्यात-फिनेलात हात घालून आलेल्या आक्कांची पांढरी साडी सकाळी कोरडी मिळायची.

जुलैत ड्रायर बिघडला. पूर्ण बंद नाही. कण्हत फिरायचा, जळल्या रबराचा वास सोडायचा आणि कपडे जवळजवळ तसेच ओले परत द्यायचा. तळात पाणी साचून राहायचं. मालकीणकाकू मोरीच्या दारातून म्हणाल्या, "तुम्ही लोक गोधड्या घालता त्यात. म्हणून वाटोळं झालं." गोधडी त्या टबाच्या तोंडातून आत जातसुद्धा नाही. पण मशीन बिघडायच्या आधीच दोष कुणाचा ते ठरलेलं होतं.

साताऱ्याच्या मुलखात धुण्याची ही गोष्ट आजची नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचं नाव घातलं गेलं. त्या दिवसांबद्दल त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात लिहून ठेवलंय. साताऱ्यात परीट होते. सुभेदारांच्या घरात परटाला द्यायला पैसे होते. तरी कपडे बहिणीच धुवायच्या, कारण परीट अस्पृश्याच्या कपड्याला हात लावत नव्हता. केसही थोरली बहीणच कापायची. पुढं 1901 च्या सुमाराला घरातली ही पोरं वडिलांकडं जायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले स्वच्छ कपडे. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची पोरं वाटली, म्हणून तो गोड बोलला. जात कळल्याबरोबर त्याचा चेहरा पालटला. कपडे तेच होते.

आणि याच महाबळेश्वरावरून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, पुढं महाड. तिथं 1927 च्या डिसेंबरात, मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत, बाबासाहेबांनी आपल्या बायांना नेसणं बदलायला सांगितलं, स्वच्छ राहायला सांगितलं. जातीची खूण अंगावर वागवू नका, हा त्यातला अर्थ. मढ्यावरचं कापड हक्क म्हणून घेणाऱ्या समाजाला ते सांगणं होतं. म्हणून धुतलेला, कोरडा कपडा ही आपल्यात साधी गोष्ट नाही. त्यासाठी आपल्या आज्यांनी मार खाल्लाय.

तर ड्रायर. वर्गणी काढून मेकॅनिक बोलावला. त्यानं मागचं झाकणही उघडलं नाही. कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "मोटार गेली. भंगारात द्या." येण्याचे पैसे घेऊन गेला. मालक भंगारवाल्याचा फोन नंबर शोधायला लागला.

मी आयटीआयला वायरमन ट्रेड केलाय. मग दोन वर्षं मोटार रिवायंडिंगच्या दुकानात काढली. मोटार मेली असती तर टब हललाच नसता, हे मला कळत होतं. तो फिरत होता, पण त्याला कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. रविवारी प्लग काढला, मागचे स्क्रू सोडले. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट राहतो, म्हणून आधी तो उतरवला. हातानं टब फिरवून बघितला. जड.

या ड्रायरला ब्रेक असतो. झाकण उघडल्यावर फिरता टब पटकन थांबावा, कुणाचा हात जाऊ नये, त्यासाठी. झाकण बंद केलं की एक वायर ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. आमच्या मशीनची ती वायर वर्षानुवर्षं ताणून सैल झाली होती. झाकण बंद केलं तरी ब्रेक पुरता सुटत नव्हता, घासत राहायचा. मोटार बिचारी ब्रेक लावलेली गाडी ओढत होती. रबराचा वास तिथला. दुसरं म्हणजे पाणी जायचा पाइप मशीन भिंतीला ढकलून चेपला होता, आणि चेपल्या जागी सुताचा, चिखलाचा गोळा अडकलेला. पाणी बाहेर पडेना, मग टब पाण्यातच फिरायचा. अकरा खोल्यांचं सूत त्या गोळ्यात होतं. कुठला धागा कुणाचा हे कुणाला सांगता आलं नसतं.

वायर आखडून बांधली. चेपलेला पाइप कापून नवा तुकडा दोन क्लिपांनी जोडला. मशीन भिंतीपासून वीतभर पुढं घेतली, चारी पाय सारखे टेकवले. कपडे टबात सगळीकडून सारखे दाबून, वर ती प्लॅस्टिकची जाळी बसवून झाकण लावलं. टबानं वेग घेतला आणि मागच्या पाइपातून पाणी धो धो आलं. आक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "चांगली व्हती की रं मशीन. उगंच मारायला निघालं व्हतं तिला."

दोस्तांनो, इथपर्यंत सगळे खूश होते. काकूंनी मला चहा दिला. कागदी कपात दिला, पण दिला. गोष्ट इथं संपत नाही.

दुसऱ्या दिवशी मोरीच्या दारावर कागद चिकटवलेला. खोली 7 ते 11, सोमवार आणि गुरुवार. बाकी वार खोली 1 ते 6. खाली ओळ होती, की सोमवारी आणि गुरुवारी वापर झाल्यावर टब स्वच्छ धुऊन ठेवावा. मंगळवारी, शनिवारी धुवायची गरज नव्हती.

दुरुस्तीला आमचा हात चालतो. ब्रेकच्या वायरीला लागलेला माझा हात कुणाला विटाळाचा वाटला नाही. माझा शर्ट त्याच टबात फिरला की मात्र टब धुवायचा. गावगाड्याचं गणित हेच होतं. काम घ्यायचं, माणूस बाजूला ठेवायचा. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातीचं निर्मूलन' मध्ये मांडलं, की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती कामकऱ्यांचीच वाटणी आहे. ते मी अभ्यास वर्गात ऐकलं होतं. मोरीच्या दारात उभं राहून ते मला कळलं.

कागद आम्ही काढला. त्या जागी पाटी टांगली. ज्याला मशीन पाहिजे त्यानं खोलीचा नंबर लिहायचा, आला नंबर तसा वापर, वापरल्यावर टब प्रत्येकानं पुसायचा. मालकानं मोरीला कुलूप घातलं. सोळा दिवस कुलूप होतं. आमचे कपडे पागोळ्यांखाली, आणि आतल्या दोरीवर सहा खोल्यांचे एकमेकांवर. पहाटेच्या गाडीवर ओली खाकी घालून जाणारा कंडक्टरच पहिला मालकाकडं गेला. त्याला समता पाहिजे होती असं मी म्हणणार नाही. त्याला कोरडी पँट पाहिजे होती. कुलूप निघालं. पाटीवर पहिला नंबर त्यानं लिहिला, चार. त्याच्याखाली आक्कांनी लिहिला, अकरा.

पडवीतली दोरी मात्र मी खोली सोडेपर्यंत तशीच होती. ती ब्रेकच्या वायरीसारखी आखडून नीट होणारी नाही. त्याला जास्त माणसं लागतील.

तुमच्या होस्टेलात, चाळीत अशी मशीन बंद पडली असेल तर भंगारवाल्याच्या आधी तुम्ही उघडून बघा. प्लग काढल्याशिवाय हात घालू नका. आणि मशीन चालू झाल्याबरोबर तिच्यावर पाटी लावा, नंबरवारीची. कागद दुसऱ्या कुणी चिकटवायच्या आत.

जयभीम.