ट्रंकेच्या झाकणामागचं बेट

लालबागच्या आमच्या खोलीत कॉटखाली बाबांची पत्र्याची ट्रंक असायची. देवगडहून बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा खांद्यावर होती तीच. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने तीन चित्रं चिकटवलेली होती. कुणकेश्वराचं देऊळ, अण्णाभाऊ साठे आणि वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो. त्यात लष्करी कपड्यातला एक दाढीवाला, उंचापुरा माणूस इंदिरा गांधींना मिठी मारतोय आणि बाई अवघडून हसताहेत.

फोटो मार्च १९८३ मधला. दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली होती. क्युबाकडचं अध्यक्षपद भारताकडे आलं आणि फिडेल कॅस्ट्रोने भरसभेत इंदिराबाईंना मिठी मारली. त्या वेळी आमच्या घरात संप होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाला चौदा महिने होत आले होते. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसलेले, आणि साचेखात्यातले माझे बाबा त्यांतलेच एक. आईच्या खानावळीत जेवणारे बारा जण एकेक करून गावाला निघून गेले होते. मी नुकतीच महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि माझ्या पगारावर चूल पेटत होती. अशा दिवसांत बाबांनी तो फोटो कापला, नीट कडा जुळवून चिकटवला आणि मला म्हणाले, "बघ पोरी, एवढंसं बेट. पण अमेरिकेच्या नाकावर टिच्चून उभं आहे."

बाबांना ते बेट नकाशावर दाखवता आलं असतं की नाही, कोण जाणे. पण रात्री पाळी सुटून आलेल्या गाववाल्यांना समोर बसवून ते 'युगांतर' आणि 'नवाकाळ' मोठ्याने वाचून दाखवायचे, तेव्हा क्युबाचं नाव शेजारच्या गल्लीसारखं घ्यायचे.

बाबा गेल्यावर तो फोटो मी किटलीच्या वाफेवर धरून हळूहळू सोडवला. मार्च २०१९ मध्ये तो माझ्या पर्समध्ये होता, प्लास्टिकच्या पाकिटात. मी मायामीच्या धक्क्यावर 'एम्प्रेस ऑफ द सीज' नावाच्या बोटीच्या रांगेत उभी होते.

लेक आणि जावई फ्लोरिडात राहतात. निवृत्तीनंतर आम्ही दोघं त्यांच्याकडे तीन महिने गेलो होतो. लेकीने क्रूझचं पत्रक पुढे केलं तेव्हा बहामाचे किनारे मी नुसते चाळले आणि हवानाच्या पानावर बोट ठेवलं. तिला काही सांगावं लागलं नाही. आजोबांची ट्रंक तिनेही उघडली होती.

अमेरिकेतून क्युबाला जाणं म्हणजे तिकीट काढलं आणि निघालो असं नव्हतं. १९६२ पासून अमेरिकेची क्युबावर पूर्ण व्यापारबंदी आहे. ओबामांच्या काळात दार जरा किलकिलं झालं आणि २०१६ च्या मे महिन्यात जवळपास चाळीस वर्षांनी अमेरिकेतून पहिली क्रूझ हवानाला लागली. तरीही निव्वळ पर्यटनासाठी जायला परवानगी नव्हतीच. मान्य कारणांचे बारा प्रकार होते आणि आपण त्यांतल्या कोणत्या प्रकारात बसतो, हे सही करून द्यावं लागे. आम्ही 'लोकांनी लोकांना भेटणं' या प्रकारावर खूण केली. कुठे गेलो, कोणाला भेटलो याची नोंद पाच वर्षं जपून ठेवायची होती. क्युबाच्या बाजूने मात्र हातात पडलं ते पर्यटकाचं कार्ड. एका देशाला मी पर्यटक नाही असं लिहून दिलं आणि दुसऱ्याच्या दारात पर्यटक म्हणून उभी राहिले. सही करताना हात अडखळला. आयुष्यभर मुलांना खरं लिहायला शिकवलं होतं. मग वाटलं, मी खरंच माणसांना भेटायलाच चालले आहे. हे कारण खोटं नाही.

फ्लोरिडाच्या टोकापासून क्युबा ९० मैलांवर आहे, म्हणजे मुंबईहून पुणं जेवढं तेवढंच. यांना रात्री बोट लागली, आले-लिंबाच्या रसावर रात्र काढली. मी पहाटे पाचला वर डेकवर जाऊन उभी राहिले.

हवानाचं बंदर बाटलीच्या गळ्यासारखं आहे. तोंड इतकं अरुंद की बोट आत शिरताना दोन्ही काठांवरची माणसं दिसतात. डाव्या हाताला मोरोचा किल्ला आणि त्याचा दीपस्तंभ, उजवीकडे मालेकॉनचा लांबलचक कठडा. कठड्यावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. डेकवरच्या सगळ्यांनी त्याला हात केला, मीही केला. घशात आवंढा आला तो तिथे. बाबांना हे दिसायला हवं होतं.

आमची गाइड तिशीची, इंग्रजी उत्तम. पेशाने शाळाशिक्षिका, पण शिक्षिकेच्या पगारात भागत नाही म्हणून नोकरी सोडून पर्यटकांबरोबर फिरणारी. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर तिने माझा हात धरला तो दिवसभर सोडला नाही. शंभर डॉलर बदलून हातात सत्त्याऐंशी आले. डॉलरवर तेव्हा वेगळा दंड कापत. अमेरिकन बँकेचं कार्ड तिथे चालतच नाही. जे काय ते रोख.

जुन्या हवानात पहिल्या दोन गल्ल्या रंगवलेल्या, हॉटेलांच्या. तिसरी गल्ली वळलो आणि माझी पावलं थबकली. समोर आमची चाळ उभी होती. तसाच मधला चौक, चारी बाजूंनी लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, खाली एक सामायिक नळ आणि नळाशी रांगेत लावलेल्या बादल्या. भिंतींना लाकडाचे टेकू लावलेले. अशा इमारतीला तिथे 'सोलार' म्हणतात. एका आजींनी गाइडच्या ओळखीने आत बोलावलं. खोलीचं छत उंच, म्हणून मध्ये फळ्या टाकून वर दुसरा मजला केलेला. मुलगा-सून वर झोपतात. त्याला ते 'बार्बाकोआ' म्हणतात. मी वर बोट दाखवून म्हटलं, "पोटमाळा!" आजी हसल्या आणि तो शब्द घोळवून म्हणून बघितला. गिरगावात लग्न होऊन आले तेव्हा आमचाही संसार पोटमाळ्यावरच सुरू झाला होता. डोकं आपटू नये म्हणून वाकून उठायची सवय अंगात भिनली होती, ती त्यांच्या सुनेच्या उठण्यात मला जशीच्या तशी दिसली.

आजींनी रेशनचं पुस्तक दाखवलं. पातळसं, 'लिब्रेता' म्हणतात. १९६२ पासून चालू आहे. तांदूळ, साखर, कडधान्य, तेल, अंडी, रोजचा माणशी एक पाव आणि सात वर्षांपर्यंतच्या मुलांना दूध. पानापानांवर पेनाच्या खुणा. आईचं रेशनकार्ड असंच पिवळं पडलेलं, कडा मऊ झालेलं असायचं. रॉकेलच्या रकान्यावर तर कागद फाटला होता.

मग मी त्यांना गव्हाचं सांगितलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबावर उपासमारीची पाळी आली. तेल नाही, धान्य नाही, बसगाड्या बंद. त्या काळाला ते 'विशेष काळ' म्हणतात. १९९२ मध्ये आपल्याकडच्या कम्युनिस्टांनी पुढाकार घेऊन मदत गोळा केली आणि दहा हजार टन गव्हाचं जहाज क्युबाला गेलं. सोबत साबणही होता. परळच्या नाक्यावर लाल डबा फिरला होता. बाबांची गिरणी तेव्हा धड चालू नव्हती, तरी त्यांनी डब्यात अकरा रुपये टाकले आणि घरी येऊन आईची बोलणी खाल्ली.

गाइडला त्या गव्हाबद्दल काही ठाऊक नव्हतं. तिने आजींना विचारलं. त्यांनाही आठवेना. पाव कुठल्या गव्हाचा, हे कोण सांगणार? पण साबण म्हटल्यावर त्यांनी हाताचा पंजा पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर उभी एक, आडवी एक रेघ मारली. एक वडी, चार तुकडे. एक तुकडा अंगाला, एक भांड्यांना, एक कपड्यांना, आणि चौथा त्या शेजारणीला देत, तिला तान्हं मूल होतं. त्या वडीचा पत्ता कुणाला माहीत नाही. मला एवढं पुरलं.

सिगारच्या कारखान्यात बाबांची आठवण आणखी दाटली. लांबच लांब बाकांवर बायका-पुरुष तंबाखूची पानं वळत बसलेले, आणि समोर उंच चौथऱ्यावर एक बाई माइकपुढे वर्तमानपत्र वाचत होती. सिगार वळणाऱ्यांना वाचून दाखवायची ही चाल १८६५ पासूनची आहे. सकाळी बातम्या, दुपारी कादंबरी. 'माँटेक्रिस्टो' हे सिगारचं नावच मुळी अशा वाचनातून आलं, कामगारांनी ड्युमाच्या कादंबरीवर जीव लावला म्हणून. आपल्याकडे केरळातल्या बिडी कामगारांतही ही चाल होती. लिहिता-वाचता न येणारा माणूस ऐकून ऐकून शहाणा होतो, हे मी आमच्या खोलीत पाहिलं होतं. बाबांना त्यासाठी ना चौथरा मिळाला, ना पगार.

क्रांतीच्या चौकात लोखंडी रेघांनी घडवलेले चे गेव्हारा आणि कामिलो सिएनफुएगोस इमारतींच्या भिंतींवर आहेत. फिडेलचा पुतळा मात्र कुठेच नाही. आपल्या नावाने पुतळे, रस्ते होऊ नयेत ही त्यांची इच्छा होती, आणि २०१६ मध्ये ते गेल्यावर तसा कायदाच झाला. महिनाभरापूर्वीच नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं होतं. दुकानांच्या काचांवर 'होय' म्हणा सांगणारी पत्रकं अजून चिकटलेली होती. 'नाही' म्हणणारं एकही पत्रक मला दिसलं नाही.

मी पर्समधून फोटो काढला आणि गाइडच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी, कडांना धरून घेतला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या घरी असाच होता. वेगळा, पण असाच." थोडं थांबून तिने भावाचं सांगितलं. क्युबन माणसाला देशाबाहेर जायला सरकारचा परवाना लागायचा, तो २०१३ च्या जानेवारीपर्यंत. परवाना रद्द झाल्याबरोबर तिचा भाऊ गेला. आता मायामीत आहे, जिथून मी आदल्या दिवशी निघाले होते तिथेच. सहा वर्षांत भेट नाही. "तुमच्या वडिलांना इथलं हे माहीत होतं का?" तिने विचारलं. तिच्या विचारण्यात टोचणी नव्हती.

नव्हतं माहीत. ते बेट बाहेरून कोंडलेलं आहे, एवढंच आमच्या खोलीत कळलं होतं. आतूनही कडी होती, हे कळलं नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. बाबांची बाजू घ्यावी असं क्षणभर वाटलं, पण त्या मुलीसमोर ती घेणं मला शोभलं नसतं. आणि बाबांची श्रद्धा खोटी ठरवायलाही माझं मन धजत नाही. चौदा महिने घरात बसलेल्या माणसाला, कुठेतरी आपल्यासारखी माणसं जिंकली आहेत, हे ठाऊक असण्याची गरज होती. ते त्याला जगवत होतं. अजूनही मी या दोन्ही गोष्टी एकत्र धरून चालते, त्यांतली एक टाकून देता येत नाही.

निघताना तिने मिठी मारली. मी शाळेत मुलांना वाटायचे तसल्या पेन्सिलींचा डबा आणि चार साबणाच्या वड्या तिच्या पिशवीत ठेवल्या. त्यातली एक आजींसाठी.

५ जून २०१९ पासून अमेरिकेने क्रूझचा रस्ता पुन्हा बंद केला. 'लोकांनी लोकांना भेटण्या'ची ती सामूहिक परवानगीही गेली. गाइडचा मेल आला, दोन ओळींचा. बोटी थांबल्या, काम थांबलं. त्यानंतर करोना आला. मी दोनदा लिहिलं. उत्तर नाही. २०२२ मध्ये क्युबातून माणसांचे लोंढे बाहेर पडल्याच्या बातम्या वाचताना मी प्रत्येक फोटोत तिचा चेहरा शोधत होते.

आणि २०२१ च्या दिवाळीत दादरच्या नणंदेच्या मुलाने फोटो पाठवले, बॅलार्ड पिअरहून निघणाऱ्या नव्या क्रूझचे. मधल्या दालनातला तो जिना, ती काच, तो कठडा पाहून मी चष्मा पुसला. नाव बदललेलं होतं, 'कॉर्डेलिया'च्या पुढे जुनं अर्धं तेवढं शिल्लक, 'एम्प्रेस'. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली तीच बोट, हवाना बंद झाल्यावर विकली गेलेली, आता आमच्या दारात.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्यावर चढलो, गोव्यापर्यंत. ज्या पाण्यातून बाबा ट्रंक घेऊन आले तेच पाणी, उलट्या दिशेने. यांनी या वेळी आधीच गोळी घेतली. संध्याकाळी बोट हलली तशी मी वर जाऊन उजव्या बाजूच्या कठड्याशी उभी राहिले. हवाना सोडताना इथेच उभी होते आणि मोरोचा दिवा उजव्या हाताला हळूहळू मागे गेला होता. शेजारी नाशिकचं एक कुटुंब सेल्फी काढत होतं. त्यांच्या लहान मुलीने मला विचारलं, "आजी, तो दिवा कसला?"

"प्राँग्ज रीफचा," मी म्हटलं. "कुलाब्याच्या टोकाचा." ती कठड्यावर रेलून त्याच्याकडे हात हलवत राहिली.