ह्याची राख कुठे घालू?

बंबाच्या पोटात काय जायचं, ही यादी आमच्या वाड्यात पोरासोरांनाही पाठ होती. वखारीतली बंबफोड, गोवरीचे तुकडे, करवंट्या, नारळाच्या शेंड्या, वाळलेल्या कोयी, झिजलेल्या खराट्याचे हीर. पुठ्ठा त्या यादीत नव्हता. तो बंबापर्यंत पोचायचाच नाही. बुटाच्या खोक्यात लाइटची बिलं राहायची, साडीच्या खोक्यात बटणं आणि रिळं. जाड तपकिरी पुठ्ठ्याचं परीक्षेचं पॅड व्हायचं, त्यातून उरला तर मखराची पाठ, त्यातूनही उरला तर शेगडीला वारा घालायला.

मग चकचकीत, रंगीत खोकी आली. ती आम्ही हळूच बंबात सारायचो, कारण जाळ हिरवा-निळा व्हायचा! ती करामत शाईतल्या तांब्याची, हे पुढे कॉलेजात कळलं. आज्यांना रसायनशास्त्र कुठलं? त्यांचा सवाल एकच असायचा, "ह्याची राख कुठे घालू?"

कारण राख टाकायची वस्तू नव्हतीच. चाळलेली राख भांड्यांना, राखुंडी दातांना, थोडी कडधान्याच्या डब्यात, थोडी परसातल्या वांग्यांवर, मावा पडला की. आणि तेव्हाच्या पिवळ्या-केशरी शायांत शिसं सर्रास असे. शिसं काही जळून नाहीसं होत नाही, राखेत उतरतं. राखेतून कुठे, ते वर आलंच आहे. खोक्याची चकाकी म्हणजे पुष्कळदा प्लास्टिकचा पापुद्रा, त्याचा धूर घशाला झोंबायचा. शिवाय पुठ्ठा भसकन पेटतो. जळते कपटे नळ्यातून उडून गच्चीवरच्या कुरडयांवर उतरले, की काकूंचा आवाज तीन वाड्यांत ऐकू जायचा.

आता बंब गावाकडच्या घरात उरलाय आणि खोकी रोज दारात येतात. साधा तपकिरी पुठ्ठा, टेप आणि लेबलं सोलून, पेटवणापुरता चालतो. त्याचे थर बहुधा पिठाच्या खळीनेच चिकटवलेले असतात. रंगीत, मेणचट, चंदेरी मात्र नको. ज्यूसचे डबे तर नकोच, त्यांत प्लास्टिकबरोबर अ‍ॅल्युमिनियमचाही थर असतो. ते सगळं रद्दीवाल्यासमोर ठेवावं. तो तपकिरीला भाव देतो, चकचकीत बघून नाक मुरडतो. त्याच्याशी हुज्जत घालायला आजीच हवी होती.