सायकलीवरून विमानतळाकडे

प्रवासास निघालेला मनुष्य बरोबर काय नेतो, याची चौकशी सर्वच करितात; तो मागें काय ठेवून जातो, आणि कोणाच्या भरंवशावर ठेवून जातो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. घराची किल्ली शेजारीं द्यावी, तुळशीला पाणी घालण्यास सांगावें, दूधवाल्यास निरोप ठेवावा आणि निर्धास्तपणें निघावें, हा आपला नित्याचा परिपाठ. त्यांत विश्वासाचा केवढा व्यवहार असतो, याचा विचार करण्याची वेळ सहसा येत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत सायकलीनें विमानतळाकडे जाण्याचा योग आला आणि तो व्यवहार आम्हांस लख्ख दिसला. म्हणून हा लेखनप्रपंच.

विमानतळ आणि सायकल हीं नांवें एकत्र उच्चारलीं कीं ऐकणारा हंसतो. कोठें इंद्राचा ऐरावत आणि कोठें शामभटाची तट्टाणी! परंतु वंशावळ पाहूं गेल्यास ऐरावताचें मूळ तट्टाणीच्याच तबेल्यांत सांपडतें. अमेरिकेंतील डेटन गांवीं विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंचें सायकलींचें दुकान होतें. पंखांवर वाऱ्याचा जोर किती पडतो, हें अजमावण्यासाठीं त्यांनीं १९०१ सालीं सायकलीवरच एक आडवें चाक बसवून प्रयोग केले. १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉकजवळ त्यांचें यंत्र प्रथम उडालें, तें अवघे बारा सेकंद, आणि अंतर एकशेंवीस फूट. त्याचे पंखे फिरत होते ते सायकलीसारख्या सांखळ्यांवर. आपल्या देशांतही केरळांतील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं पहिला अग्निबाण सुटला. त्या केंद्राच्या आरंभींच्या वर्षांत अग्निबाणाचा भाग सायकलीवरून नेत असल्याचें छायाचित्र पुष्कळ वाचकांच्या पाहण्यांत असेल. तेव्हां विमानाच्या दारीं सायकलीनें जाण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

आमच्या थोरल्या भगिनी नागपुरास असतात. त्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती व आठ-नऊ दिवस आम्हीं त्यांच्याजवळ राहावें असें ठरलें. विमान सकाळीं सात वाजतांचें. "अशा वेळीं रिक्षा करून स्वस्थपणें जावें, सायकल कसली काढतां?" असें घरचीं माणसें म्हणालीं. त्यांचें म्हणणें मायेचें होतें. परंतु मनावर चिंतेचें ओझें असतां हातापायांस काम असलेलें बरें, असा आमचा अनुभव आहे. शिवाय बावीस वर्षें ज्या वाहनानें शाळेंत जात आहों, तें नेमकें याच दिवशीं घरीं कां ठेवावें? देशांतल्या देशांत उडणाऱ्या विमानांत बहुधा सात किलोंची पिशवी हातीं नेऊं देतात. तेवढीच पिशवी कॅरिअरला दोरीनें बांधून आम्ही पहाटे चार वाजतां निघालों.

पुण्याचा विमानतळ लोहगांवास आहे. १९३९ सालीं लष्करी तळ म्हणून त्याचा आरंभ झाला. आजही तो हवाई दलाचाच तळ असून त्याच धांवपट्टीवरून नागरी विमानें उडतात. २०२४ सालीं प्रवाशांकरितां तेथें नवी इमारत खुली झाली. शनिवारवाड्यापासून हें अंतर दहा-बारा किलोमीटर, म्हणजे सायकलीनें सुमारें तासाभराचें. बंडगार्डनपाशीं मुळा-मुठा ओलांडली कीं येरवडा, आणि पुढें नगर रस्त्यावर आगाखान महाल. १९४२ पासून १९४४ पर्यंत महात्माजी तेथें स्थानबद्ध होते. महादेवभाई व कस्तुरबा यांनीं तेथेंच देह ठेवला आणि त्यांच्या समाधीही तेथेंच आहेत. आप्ताच्या आजाराचा विचार मनांत घेऊन त्या कुंपणावरून जातांना आमचे पाय आपोआप मंदावले.

त्या अवेळींही रस्त्यावर सोबतीची वाण नव्हती. गळ्यांत ओळखपत्र आणि कॅरिअरला डबा, अशीं माणसें सायकलीवरून मुकाट्यानें पुढें चाललीं होतीं. कोणी झाडलोट करणारे, कोणी सामान चढविणारे. सारे विमानतळाच्या कामावर निघालेले. सायकलीनें विमानतळास जाणें ही आमच्या दृष्टीनें एका दिवसाची हौस; त्यांची ती रोजची भाकरी होती.

सायकल कोठें ठेवावी, याची योजना आम्हीं आदल्या आठवड्यांत केली होती. विमाननगराच्या अलीकडे सायकलदुरुस्तीचें एक लहानसें दुकान आहे व दुकानदार मागच्याच खोलींत राहतात. नऊ दिवस राहणाऱ्या सायकलीस काय काय लागतें, हें त्यांनींच आम्हांस सांगितलें होतें. तिला सांवली हवी, कारण उन्हानें रबराला तडे जातात. चाकांतील हवा उभ्या उभ्याही हळूहळू झिरपतेच. म्हणून ती निघतांना पुरी भरावी. सांखळीला तेल द्यावें. कुलूप केवळ चाकाला न घालतां चाक आणि सांगाडा दोन्ही सांपडतील असें घालावें. दिवा सुटा असेल तर काढून घ्यावा.

त्या पहाटे डोळे चोळीत ते बाहेर आले. सायकल छपराखालीं लावल्यावर त्यांनीं एकच प्रश्न केला, "किल्ली नेणार, का ठेवून जाणार?"

प्रश्न साधा, पण आम्ही क्षणभर थांबलों. किल्ली खिशांत घातली असती, तर त्यांनीं आम्हांस केवळ भिंतीलगतची चार हात जागा दिली असें झालें असतें. आम्हीं किल्ली त्यांच्या हातांत ठेवली, आणि उरलेली अर्ध्या तासाची वाट पायीं चालून विमान गांठलें.

देवाच्या दयेनें भगिनींची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. दहाव्या दिवशीं सायंकाळीं आम्ही दुकानाशीं परतलों. सायकल जागेवर होती, चाकें टणक, सांखळी नुकतीच पुसलेली. पैसे काढूं लागलों, तों दुकानदार म्हणाले, "सर, आधी एक सांगायचं आहे. माझा पुतण्या विमानतळावर रात्रपाळीला सामान चढवतो. त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला आणि पगाराला चार दिवस होते. चार रात्री मी तुमची सायकल त्याला दिली. तुमचा नंबर घेतला नव्हता, नाहीतर विचारलं असतं. आता तुमच्याकडून पैसे घेणं बरं दिसणार नाही."

त्यांनीं सांगितलें नसतें, तर आम्हांस कधींच कळलें नसतें. हें मनांत आलें आणि आम्हांस राग न येतां उलट एक प्रकारचा आनंद वाटला. आम्ही दवाखान्याच्या बाकावर रात्र काढीत असतां आमची सायकल एका तरुणास त्याच्या कामावर पोंचवीत होती. चार रात्रींची त्याची मजुरी तिनें राखली होती. हें आम्हीं त्यांस बोलून दाखविलें. ते हंसले, आणि पैसे मात्र त्यांनीं घेतले नाहींत.

हॉलंड देशांत उत्रेख्त शहरीं रेल्वेस्थानकाखालीं सायकलींसाठीं एक विशाल तळघर बांधलें आहे. २०१९ सालीं तें पूर्ण झालें, आणि त्यांत सुमारें १२,५०० सायकली राहतात. आम्सटरडॅमच्या स्किपोल विमानतळावरही सायकली ठेवण्याची सोय आहे. तेथें सायकल हें गरिबीचें चिन्ह समजत नाहींत. अधिकारी, अध्यापक आणि हमाल एकाच रांगेंत आपलीं वाहनें लावितात. आमच्या मतें नगराची खरी शोभा त्याच्या विमानतळाच्या कांचांत नाहीं. त्या कांचा पुसणाऱ्याची सायकल सकाळपर्यंत जेथें ठेविली तेथें सुरक्षित राहते काय, हें पाहावें, म्हणजे नगराची किंमत कळते. अशी जागा बांधण्यास लोखंड व सिमेंट थोडेंच लागतें. लागतें तें मुख्यतः परक्याच्या वस्तूला हात लावतांना आपला जीव कचरणें, आणि गरजेपोटीं लावलाच, तर सांगण्याचें धैर्य असणें.

हें धैर्य मोठेपणीं एकाएकीं येत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेच्या सायकलींच्या रांगेंत त्याचा पहिला धडा रोज मांडलेला असतो. वाऱ्यानें एक सायकल पडली कीं ओळीनें दहा पडतात. जाणारा एखादाच थांबून त्या उचलतो. गंमत म्हणून कोणाच्या चाकांतील हवा सोडणारा आणि स्वतःचा पंप कोणाच्याही हातीं देणारा, असे दोघेही एकाच वर्गांत बसतात. पालकांनीं मुलांस सायकल घेऊन देतांना कुलूप अवश्य घेऊन द्यावें. त्याबरोबर, पडलेली सायकल कोणाची आहे हें न विचारतां ती उभी करावी, एवढेंही सांगून ठेवावें.