मुलांच्या पावलांनी लोहगड

मुलांना घेऊन डोंगरावर जावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम शिखर उभे राहते. वाटेचा विचार मागाहून सुचतो. निदान आमच्या हातून तरी तसेच घडले.

नोकरीनिमित्त आमचे वास्तव्य दिल्लीस. तेथे वाढणाऱ्या मुलांना चढ ठाऊक असतो तो जिन्याचा. २०२४ च्या जूनमध्ये, सुट्टी संपता संपता, तळेगावी आजोळी आलेल्या आमच्या दोघांना, नऊ वर्षांच्या मुलाला आणि सहा वर्षांच्या मुलीला, घेऊन आम्ही विसापूरला निघालो. ओढ्यातून वर जाणारी वाट सर्वांत आखूड, म्हणून तीच धरली. अर्ध्या तासात धुके उतरले, दगडांवर रंगवलेले बाण दिसेनासे झाले आणि पाणी गुडघ्याला लागले. एरवी अखंड बडबडणारी मुलगी गप्प झाली, तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. तेवढ्यात प्लास्टिकचा कागद पांघरलेली, गुरे घेऊन परतणारी एक बाई दिसली. “मावशी, गड किती लांब?” मी विचारले. ती म्हणाली, “गडाचं राहू द्या बाई. लेकरं घिऊन वढ्यानं कुठं निघालाय? माघारी फिरा.” आम्ही फिरलो. पुढे थोड्याच दिवसांत, ३० जूनला, लोणावळ्यास भुशी धरणावरील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्याचे वृत्त आले. ते वाचताना हातातील वर्तमानपत्र थरथरत होते.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा आलो, तो मात्र वाट आधी शोधून. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. उंची दाखविणाऱ्या रेषा जेथे दाटीने येतात तेथे चढ खडा, विरळ होतात तेथे सुसह्य. हे मुलाला पाच मिनिटांत उमगले, मला त्याहून अधिक वेळ लागला! वेळेसाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब उपयोगी पडतो : पाच किलोमीटरना एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटर अंतर व चारशे मीटर चढ असेल, तर दोन तासांस थोडे कमी. पण तो हिशेब धडधाकट प्रौढांचा. मुले बरोबर असतील तर खुशाल दुप्पट धरावी. कारण मुलांना सरडाही पाहावयाचा असतो.

मात्र नकाशा सारेच सांगत नाही. शेवटच्या घरापाशी थांबून विचारावे, आणि “किती वेळ लागेल?” असे नव्हे, तर “तुमची म्हातारी माणसे कोणत्या वाटेने जातात?” असे विचारावे. गुरांच्या वाटांवर विसंबू नये. त्या रुंद दिसतात आणि झुडपांत विरून जातात.

अशा रीतीने आम्ही लोहगड निवडला. लोकलने मळवलीस उतरून प्रथम भाजे लेणी पाहिली. दगडी चैत्यगृहाच्या छतास लाकडी कमानी आहेत, त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या! शेजारच्या स्तूपांची मुलीने दोनदा मोजणी केली व चौदा हा आकडा मुक्रर केला. पुढे लोहगडवाडीपर्यंत रस्ता आणि तेथून पायऱ्या. ही वाट लांब खरी, पण थकवा आला तर कोठूनही परतता येते, हा तिचा मोठा गुण. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार द्वारे ओलांडताना वाट इतकी वळते की मुलाने विचारले, “सरळ का नाही बांधली?” शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये म्हणून, हे उत्तर त्यानेच पुढच्या वळणावर शोधले. शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात दिलेला हा गड १६७० मध्ये परत घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत तो आहे.

विंचूकाटा या चिंचोळ्या सोंडेवर जाण्यास थोडा कातळ उतरावा लागतो. तेथे आम्ही थांबलो. मुलगा हिरमुसला; तळ्याकाठी दशम्या खाताना त्याचा रुसवा निघाला.

परतीच्या लोकलमध्ये त्याने नकाशा उलगडला, विसापूरवर बोट ठेवले आणि विचारले, “आई, तो ओढा कोणत्या महिन्यात आटतो?”